खाऊ ही वस्तू नाही

परदेशी पार्सलाच्या फॉर्मवर कुणी ‘खाऊ’ असं लिहिलं की पेडणेकर मॅडम तो फॉर्म खिडकीतून परत सरकवायच्या. रागावून नाही, अगदी शांतपणे. म्हणायच्या, "खाऊ ही वस्तू नाही हो. ती तुमची भावना झाली. आत काय आहे ते लिहा."

माणूस गोंधळून ‘फराळ’ लिहायचा. तेही चालायचं नाही. चकल्या किती, शेव किती, लाडू बेसनाचे की रव्याचे, सगळं बाहेर यायचं. एकाने ‘देवाचं सामान’ लिहिलं, तर त्याला त्यांनी वातींपासून सुरुवात करायला लावली. कापरापाशी आल्यावर त्या थांबल्या. कापूर विमानातून जात नाही, तो इथेच ठेवा, तिकडे तुपाचं निरांजन लावायला सांगा, म्हणाल्या. गृहस्थाने मुकाट्याने कापराची डबी काढून खिशात टाकली.

मी अंधेरीच्या या पोस्टात बदलून आले तेव्हा माझं टेबल त्यांच्या शेजारी लागलं. पहिला आठवडाभर मला वाटत होतं की ही बाई रांगेतल्या लोकांचा छळ करते. मग एकदा दुपारच्या जेवणात त्यांनी मला समजावलं. पूर्वी पार्सल आणि त्याचा कागद एकत्र जायचे. आता आपण इथे कम्प्यूटरमध्ये जे टाइप करतो ते पार्सलाच्या आधीच त्या देशात पोचतं. विमान उतरेपर्यंत तिथला कस्टमवाला आपल्या डब्यात काय आहे ते वाचून बसलेला असतो. त्याला पटलं तर डबा पुढे, नाही पटलं तर कोपऱ्यात.

"त्या माणसाने जन्मात मेतकूट बघितलेलं नाही गो," त्या म्हणाल्या. "त्याच्यापुढे पिवळी पूड आली तर तो काय समजेल, तूच सांग."

म्हणून त्यांच्या खिडकीत मेतकूट ‘भाजलेल्या डाळी-तांदळाचं पीठ, हळद घातलेलं, भातावर घेण्यासाठी’ असं होऊन जायचं, तेही चोख इंग्रजीत. खरं सांगायचं तर त्यांनी पाठवलेलं पार्सल अडकल्याचं मी फारसं बघितलं नाही.

पण पाठवून त्यांचं काम संपायचं नाही. सकाळी खिडकी उघडायच्या आधी, चहाचा कप हातात घेऊन, त्या स्वतः बुक केलेली सगळी पार्सलं स्क्रीनवर बघायच्या. पार्सल जिथे जिथे पोचतं तिथला कम्प्यूटर आपल्याकडे निरोप धाडतो. गोणी बंद झाली, विमानात चढली, उतरली, पार्सल कस्टमकडे गेलं, पोस्टमनच्या हातात पडलं. आम्हाला त्या नुसत्या ओळी दिसायच्या. मॅडम मात्र सासरी गेलेल्या मुलीची खुशाली वाचावी तशा वाचायच्या, आणि मग फोन फिरवायच्या. "तुमचे लाडू फ्रँकफर्टला उतरले. कस्टममध्ये आहेत, पण बरे आहेत."

हे आपलं काम नाही, असं साहेबांनी त्यांना एकदा सांगितलं. मॅडमनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी दोन फोन जास्त केले. एका तरुणाने, मला माझ्या मोबाइलवर सगळं दिसतं, असं ऐकवलं. त्यावर त्या म्हणाल्या, "दिसतं रे, पण कळतं का?"

अशात एकदा भालेराव काका आले. वाकोल्याला राहणारे, महापालिकेतून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट, फॉर्मवर सुंदर अक्षर. पार्सल आयर्लंडला, मुलीच्या नावे. ती तिथे नर्स होती. आत काय, तर ‘वापरलेले कपडे’. मॅडमनी विचारलं, कसले कपडे? काकांनी खाली बघत सांगितलं, जुने आहेत, सुती आहेत, एवढंच लिहा. वर्णन नियमात बसत होतं. मॅडमनी गठ्ठा हातात घेऊन बघितला, क्षणभर थांबल्या आणि टाइप केलं.

पार्सल व्यवस्थित डब्लिनला उतरलं. मग गाडं थांबलं. पार्सल घेऊन जा असं पत्त्यावरच्या व्यक्तीला कळवलं, असा निरोप आला. चार दिवसांनी पुन्हा तोच. मग तिसरा आला की पार्सल स्वीकारलेलं नाही, मुदतीनंतर परत पाठवू.

मॅडमनी काकांना बोलावून घेतलं आणि खुर्चीवर बसवलं. मुलगी पार्सल का घेत नाही, हे विचारल्यावर काका हळूहळू बोलू लागले. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली. मुलीला वेळेत पोचता आलं नाही. दुःखात असताना काका फोनवर तिला म्हणाले होते, आता येऊन काय करणार आहेस. ती आली नाही. त्यानंतर दोघं बोललेच नव्हते.

"आणि आत काय आहे?" मॅडमनी विचारलं.

आत गोधडी होती. बायकोने आजारपणात स्वतःच्या साड्यांची शिवायला घेतलेली, मुलीसाठी. अर्धीच झाली. उरलेली काकांनी शिवली. त्यांनी आयुष्यात कधी सुई धरली नव्हती. "माझे टाके वाकडे आहेत," ते म्हणाले. "गोधडी म्हणून लिहायची लाज वाटली."

मॅडम माझ्याकडे वळल्या. त्या मुलीला तिथे जी नोटीस गेली असणार तिच्यावर आपण टाइप केलेलंच छापून आलं असणार, त्या म्हणाल्या. वडिलांकडून वापरलेले कपडे. तिला वाटलं असणार की बापाने घरातलं तिचं सामान काढून परत पाठवलं. मग स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाल्या, "मी गठ्ठा हातात घेतला होता. कपडे असे एकसंध नसतात. मला कळलं होतं. तरी मी विचारलं नाही."

निघून गेलेल्या पार्सलाचं वर्णन बदलता येत नाही. पण एका पोस्टाला दुसऱ्या पोस्टाकडे चौकशीचा निरोप कम्प्यूटरवरून धाडता येतो. मॅडमनी तो उघडला. त्यात मजकुराला अगदी थोडी जागा असते. चकलीवर चार ओळी लिहिणारी ही बाई अर्धा तास शब्द खोडत बसली. शेवटी जे गेलं त्याचा अर्थ असा होता: आईच्या साड्यांची हाताने शिवलेली गोधडी. अर्धी आईने शिवली, उरलेली वडिलांनी. परत करण्याआधी हे मुलीला वाचून दाखवावे.

मी म्हटलं, तिकडे कोण वाचून दाखवणार? मॅडम ठामपणे म्हणाल्या, "वाचतील. तिथेपण खिडकीत माणूसच बसलाय."

पाचव्या दिवशी सकाळी स्क्रीनवर ओळ आली. पार्सल दिलं, सही मिळाली. मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला आणि काकांना फोन लावला. तो लागेना. काका दुसऱ्या कॉलवर आहेत, असं ऐकू येत होतं. ते कळल्यावर त्या खुशीत कामाला लागल्या.

आठवडाभराने काका स्वतः आले, कानाला मोबाइल लावूनच. रांगेत आठ-दहा माणसं होती. त्यांनी खिडकीतून फोन आत दिला. मुलगी विचारत होती की गोधडी धुवायची कशी. ते बायकोला ठाऊक होतं, यांना नाही.

मॅडमनी फोन घेतला. "हां बाय, ऐक. मशिनमध्ये अजिबात घालायची नाही." थंड पाण्यात भिजवायची, घासायची नाही, हातांनी दाबून दाबून मळ काढायचा, वाकड्या टाक्यांच्या बाजूला जोर लावायचा नाही. रांगेला एक मिनिट खोळंबू न देणाऱ्या मॅडम दहा मिनिटं बोलत होत्या. आवाज इतका मऊ की मला तो ओळखूच येईना. आश्चर्य म्हणजे रांगेतलं कुणी कुरकुरलं नाही.

जेवताना मी विचारलं, तुम्हाला गोधडीचं एवढं कसं माहीत?

"माझ्या आईची आहे ना कांदिवलीच्या घरी," त्या म्हणाल्या. "वर्षातून एकदा धुवायला काढते. धुवायचं काही नाही गो, पिळायला दोन माणसं लागतात."

"मग तुम्ही काय करता?"

"काय करणार. न पिळता दोरीवर टाकते. वाळायला चार दिवस जातात." आणि डब्याचं झाकण लावून त्या खिडकीकडे गेल्या.

रविवारी मी कांदिवलीला त्यांच्या घरी गेले. त्यांनी आधी मला भिजलेल्या गोधडीचं टोक कसं धरायचं ते शिकवलं, मग दोन वेळा चुकीचं धरल्याबद्दल बोलल्या. आम्ही मोरीच्या दारात समोरासमोर उभ्या राहिलो आणि उलटसुलट पीळ घातला. एवढं पाणी निघालं की दोघींचे पाय भिजले. मॅडम पिळत होत्या आणि मला सांगत होत्या, हा निळा तुकडा आईच्या लग्नातला, हा पिवळा माझ्या बारशाचा. गोधडी त्या दिवशी संध्याकाळीच वाळली.