आप्पांचं जपानी स्टेशन

आमच्या गल्लीतले आप्पा कुणाच्याही घरात शिरण्याआधी उंबऱ्यावर थांबून विचारतात, "लाइन क्लिअर हाय?" आतून "हाय" आल्याशिवाय पाऊल उचलत नाहीत. लोंढ्यापलीकडच्या एका लहानशा स्टेशनात त्यांनी स्टेशन मास्तरकी केली. रिटायर होऊन बेळगावात आले, पण रेल्वे काही त्यांच्या अंगातून उतरली नाही.

माझ्या पुतणीच्या लग्नात तर त्यांनी कहरच केला. पहिली पंगत उठायच्या आत दुसरीची माणसं घुसायला लागली, तसे आप्पा दारात हात आडवा करून उभे राहिले. "म्होरची गाडी सेक्शनातनं भायेर पडल्याबिगार मागची सोडायची न्हाय!" खुद्द व्याही उपाशी ताटकळले. आमची शोभा झाली, पण चेंगराचेंगरी झाली नाही, हेही खरं.

हल्ली आप्पांनी नवं स्टेशन ताब्यात घेतलंय, तेही थेट जपानात. त्यांची एकुलती एक मुलगी पूजा तिथे म्हाताऱ्या माणसांच्या दवाखान्यात नर्स आहे. डोंगरातलं गाव, स्टेशनात एकच फलाट आणि एक बाकडं. गावकऱ्यांनी फलाटावर कॅमेरा लावलाय, तो मोबाइलवर कुणालाही बघता येतो. मीच आप्पांना शोधून दिला. तिकडे संध्याकाळ तेव्हा इकडे दुपार. सगळी गल्ली जेवून लवंडलेली असते आणि आप्पा खडेबाजारातून आणलेल्या स्टँडवर मोबाइल ठेवून ताठ बसतात. पूजा गाडीतून उतरून घराच्या वाटेला लागली, की मग ताटाला हात लावतात. आप्पांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे उशिरा जेवता म्हणून ओरडणारंही कुणी नाही.

"स्टेशन हाय आणि स्टेशन मास्तर न्हाय, आक्का!" हे त्यांनी मला ऐकवलेलं जपानबद्दलचं एकमेव मत. "गाडी का आली न्हाय, हे इचारायचं कुणाला?"

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी मी ताक घेऊन गेले, तर आप्पा उभेच. मोबाइलवर सगळं पांढरं. गाडीची वेळ कधीच टळून गेली होती आणि पूजाचा फोन लागत नव्हता. आप्पा टॉवेलानं मोबाइलची काच खसाखसा पुसत होते.

"आप्पा, बर्फ तिकडच्या कॅमेऱ्यावर आहे हो."

"ठाऊक हाय मला," म्हणाले आणि पुसतच राहिले.

मला हसू आलं, पण ताक खाली ठेवून मीही त्या काचेकडे बघू लागले. त्या पोरीला मी फ्रॉकात बघितलंय. तशीच शेजारी बसून राहिले.

बऱ्याच वेळानं त्या पांढऱ्यात पिवळा उजेड हलला. गाडी लागली. कानटोपीतलं एक ठेंगणं माणूस उतरलं आणि डावा खांदा उडवत चालू लागलं.

"आली! माझीच हाय!" आप्पा ओरडले आणि मटकन खुर्चीत बसले. इतकं हायसं वाटलं, की मी त्यांचं ताक स्वतःच पिऊन टाकलं.

तेवढ्यात पूजाचा फोन आला. "आप्पा, गाडी बर्फात अडकलेली. तुम्ही काळजी करत बसला न्हाईसा न्हवं?"

"कसली काळजी? जेवून झोपलोतो मी. जा, गरम कायतरी खा."

फोन ठेवून त्यांनी डोळे पुसले. मी म्हटलं, "रोज बघता म्हणून सांगत का नाही तिला?"

"कळलं तर नोकरी सोडून येईल, आक्का." आप्पांनी ताट पुढं ओढलं. "आणि आली, तर परत जा म्हणायला माझं तोंड उघडायचं न्हाय."