इतिहास नसलेलं गटार

पावसात विठाबाईच्या घरात गल्लीचं पाणी शिरतं, ही गोष्ट देवपांढरी ग्रामपंचायतीस मान्य नव्हती. कारण तिच्या दारासमोर गटार होतं. दारासमोर म्हणजे दप्तरात, २०१६च्या पूर्णत्वाच्या दाखल्यासकट. त्यावर माझीही सही आहे. मी पंचायतीचा सदस्य.

शेवटी म्हातारीनं सुनेला हाताशी घेऊन स्वतःच कुदळ मारली. दोन हात खाली भाजक्या विटांचं गटार लागलं. गाळ काढून घागरभर पाणी ओतलं, तर ते सरळ ओढ्याला गेलं. त्या वर्षी विठाबाईची चूल पहिल्यांदा कोरडी राहिली.

बातमी ऐकून पुण्याहून राजेश्वरी मॅडम नावाच्या संशोधक आल्या. विटा मोजून म्हणाल्या, "दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे. तुमच्या गावाखाली अख्खं नगर आहे."

गाव लई खूश झालं. ही खुशी संध्याकाळपर्यंत टिकली. संध्याकाळी ग्रामसेवक वैजनाथरावांनी हळूच विचारलं, "हे दोन हजार वर्षांचं, तर मग आपलं २०१६चं कुठं गेलं?"

२०१६चं काम सरपंचांच्या पुतण्याचं, दिग्विजयचं. तातडीनं ग्रामसभा बसली. ठराव आला: सदर गटार पंचायतीनेच बांधलेले असून त्यास कोणताही इतिहास नाही.

"अहो, अशा विटा आता कुणी बनवत नाही," मॅडम कळवळून म्हणाल्या.

"काम चांगलं केलं तरी लोकांना खपत न्हाय," दिग्विजय म्हणाला.

विठाबाई उठली. "कुणाचंबी असू द्या. पाणी जातंय नव्हं? हाय तसं राहू द्या की."

हात वर झाले. माझाही. ठराव एकमतानं मंजूर.

पण आहे तसं राहू देणं नियमात बसेना. सरकारी गटाराचं विहित आयुर्मान पाच वर्षं. २०१६चं म्हणजे मुदत केव्हाच संपलेली, सबब धोकादायक. जेसीबी आला. विटा फुटेनात, दोनदा बकेटचे दात बदलावे लागले.

नवं गटार मंजूर झालं, पूर्ण झालं, दाखलाही मिळाला. यंदा विठाबाईच्या घरात गुडघाभर पाणी होतं. मी पाहणीला गेलो. मला लाज वाटली, खोटं कशाला बोलू?

"तुमी हात वर केला," चुलीतली राख उपसत ती म्हणाली, "तवा म्या तुमच्याकडंच बघत व्हते."

तुम्ही हसत असाल, तर आधी आपल्या पंचायतीचं दप्तर बघून या. तुमच्या दारातलं गटारही पूर्ण आहे. त्या सभेला तुम्ही गेला नव्हता, तरी हजेरीत तुमची सही आहे. आणि ठराव एकमतानं झालाय.