सुंठीचा डबा

गजराबाईनं गोळ्या खलबत्त्यात टाकल्या आणि आवाज शेजारी जाऊ नये म्हणून बत्त्याला फडकं गुंडाळलं. वर सुंठ टाकली, खडीसाखर टाकली आणि सगळ्याची एकजीव भुकटी करून पितळी डब्यात भरली.

मृदंगाच्या चामडी वाद्या ओढत बसलेला बलभीम हसला. "नवऱ्याला औषिद द्यायचं, आन् तेबी चोरावानी व्हय गं?"

"तुमी गप ऱ्हावा. आण्णारावांच्या कानावर गेलं तर मृदंग जाईल."

अणदूरच्या सप्ताहात मृदंग वाजवावा तो बलभीमनंच. त्याची थाप पडली की खांबाला टेकलेला माणूससुद्धा सरळ बसायचा. पण दोन वर्षांमागं त्याच्या कानात कुणीतरी बोलू लागलं. तो जेवेना, झोपेना, रानोमाळ पळू लागला. गावानं जवळ होतं ते सगळं दिलं: अंगारा दिला, दोरा दिला, भगतानं चाबकाचे फटके दिले, आणि शेवटी गोठ्यातली साखळी दिली. मग गजराबाईच्या भावानं दोघांना सोलापूरच्या मोटारीत बसवलं. तिथल्या डॉक्टरनं ना आरडाओरडा केला, ना मारलं. त्यानं निवांत सगळं विचारून घेतलं आणि पांढऱ्या गोळ्या दिल्या. "हा आजार आहे बाई, कुणाचा कोप नाही. बरं वाटलं तरी गोळ्या बंद करायच्या नाहीत," एवढं बजावलं. हळूहळू कानातलं बोलणं विरत गेलं. एका सकाळी बलभीमनं मृदंगाला लावायला कणीक मागितली, तेव्हा ती मळता मळता गजराबाई रडली होती.

मग श्रेयाच्या वाटण्या झाल्या. गुरव म्हणाला, अंगाऱ्याचा गुण. दर्ग्याचे खाजामियाँ म्हणाले, "दोरा हमारे पीरका था." भगत म्हणाला, चाबकाचा. गोळ्यांचं नाव कुणीच काढलं नाही. काढलं ते सप्ताहाचे चालक आण्णारावांनी.

"बलभीम बरा झालाय का, गजरा?"

"झाल्यात की, आण्णा."

"मग गोळ्या कशाला?"

"बंद केल्या की पुन्हा व्हतंय, म्हणलाय डॉक्टर."

"म्हंजी बरा न्हाय झाला! आजारी माणूस देवापुढं कसा बसवायचा? गोळ्या हायत तर मृदंग न्हाय. मृदंग पायजे तर गोळ्या न्हाईत. सांग, काय खरं?"

"टाकल्या की, आण्णा. वड्याच्या पाण्यात टाकल्या," गजराबाई म्हणाली, आणि घरी येऊन खंडोबापुढं तिनं स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतलं. त्यानंतर ही सुंठ. गळ्यासाठी गाणारा-वाजवणारा सुंठ खातोच. कोण शंका घेतंय?

काल्याच्या दिवशी दुपारचा डोस ऐन कीर्तनात येत होता, म्हणून ती डबा घेऊन देवळात आली. कीर्तनाआधी कीर्तनकार बुवांपासून टाळकऱ्यांपर्यंत सगळ्या गड्यांना दूध देण्याची रीत होती. घरोघरचं दूध एकाच घंगाळात पडायचं. बलभीमच्या पेल्यात चिमूट टाकावी म्हणून तिनं डबा उघडला, तेवढ्यात आण्णाराव पुढं आले.

"एवढी सुंठ एकल्यालाच व्हय? आज काला हाय, गजरा! आज देवाच्या दारात माझं-तुझं न्हाय." आणि त्यांनी अख्खा डबा घंगाळात उपडा केला.

गजराबाईचं तोंड उघडलं. एक शब्द बोलली असती तर दूध वाचलं असतं आणि मृदंग गेला असता. तिनं बलभीमकडं पाहिलं. तो मृदंगाच्या तोंडाला हळुवार कणीक लावत होता. तिनं तोंड मिटलं आणि आतल्या आत खंडोबाला सगळ्यांच्या जिवाची हमी मागितली.

कीर्तन रंगात आलं. बुवांनी कृष्णाला शिंक्यापर्यंत नेलं. "कृष्णानं हात वर केला..." म्हणत बुवांनी हात वर केला, तो वरच राहिला. मग बुवा खांबाला टेकून खाली बसले. एकेक टाळ गप्प झाला. विणेकरी उभ्या उभ्या घोरू लागला, पण गळ्यातली वीणा काही त्यानं खाली ठेवली नाही. पुढच्या रांगेत आण्णाराव आडवे झाले. दूध न मिळालेल्या बाया डोळे फाडून बघत राहिल्या.

वाजत होता तो एकटा मृदंग. बलभीमही तेच दूध प्यायला होता. ज्या गुंगीनं सगळे टाळकरी गार झाले, ती गुंगी रोज अंगावर घेऊन हा माणूस ठेका धरतो, हे गजराबाईला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

ऊन कललं तशी माणसं उठून बसली. "ह्याच्या अंगातलं निघालं ते आमच्या अंगात शिरलं!" आण्णाराव गरजले. "म्या म्हणतच हुतो!" त्यांनी मृदंग काढून घेतला.

"थांबा आण्णा," बलभीम म्हणाला. गावाला वाटलं, आता हा उसळणार. त्यानं मृदंगाची कणीक तेवढी पुसून काढली. वाळली असती तर चामडं खराब झालं असतं.

दिवेलागणीला आण्णाराव परसदारानं आले.

"गजरा, खरं सांग. त्या सुंठंत काय हुतं?"

तिनं सांगितलं. आता जायचं काय राहिलं होतं?

आण्णाराव ओरडले नाहीत. चुलीपुढं खाली बसले. "थोरला पोरगा गेल्यापासनं माझा डोळा लागला न्हवता गं. उशाशी बसून कोणतरी बोलतंय, असं वाटतंय. आज निजलो." मग आवाज आणखी खाली गेला. "त्या डॉक्टराचा ठिकाणा दे. गावात बोलू नको. येडा म्हणतील मला."

"आन् ह्यांचा मृदंग?"

"ते पंच बघतील. गोळी खाणारा माणूस देवापुढं..." वाक्य त्यांना पुरं करता आलं नाही, पण मागंही घेतलं नाही.

"ठिकाणा ह्यांनाच ठावं हाय. संगं न्या. ह्यांच्या गोळ्या तुमीच सांडल्यात."

सकाळच्या मोटारीत आण्णाराव आणि बलभीम शेजारी बसले. कंडक्टरनं विचारलं, "आण्णाराव, आज सोलापूर?"

"गावचा येडा हाय ह्यो," आण्णाराव अख्ख्या मोटारीला ऐकू जाईल असं म्हणाले. "म्हणलं, माणुसकी म्हणून दवाखान्यात न्यावा."

मोटारीतली माणसं आण्णारावांकडं आदरानं बघू लागली. बलभीमची बोटं गुडघ्यावर ठेका धरून होती. नळदुर्गाकडून येणाऱ्या मालट्रकांचा गोंगाट वाढला, तसा तो आण्णारावांच्या कानाशी वाकला.

"आण्णा, पहिले काही दिवस गोळ्यांनी तोंडाला लई कोरड पडती बघा. पाणी पीत ऱ्हावा."