धाकट्यानं आधी उचलायचं

असोदा गावात वाटणीचा नियम सोपा आहे. वाटे मोठ्यानं करायचे आणि आधी धाकट्यानं उचलायचं. मोठ्याला लबाडी सुचू नये म्हणून कुणा शहाण्यानं तो घालून दिला असावा. त्या शहाण्याची हितेंद्रशी गाठ पडलेली नव्हती.

बेबाबाईंनी दोन्ही मुलांसमोर चांदीचे दहा जुने रुपये चटईवर ओतले. "तुमच्या बापानं जपले. घ्या वाटून माह्या डोयादेखत."

थोरला हितेंद्र जळगावच्या एका कचेरीत कारकून होता. गेले तीन आठवडे तो मोबाइलवर जुन्या नाण्यांचे व्हिडिओ पाहत होता, म्हणजे आता तो तज्ज्ञ होता. दहांपैकी पाच रुपये स्वच्छ होते. उरलेल्या पाचांवर छापलेल्या राजाच्या गालाला बारीक गोल खळगा होता. अडाणी माणूस त्याला खराबी म्हणाला असता. पण ओरखडा कसाही, कुठेही जातो. हा खळगा पाचही नाण्यांवर नेमक्या एकाच जागी, एकाच घावात उठलेला. म्हणजे जुन्या सराफानं पारखून मारलेली खूण! अशा नाण्याला शौकीन लोक दसपट मोजतात, असं व्हिडिओतल्या गॉगलवाल्या गृहस्थानं सांगितलं होतं.

हितेंद्रनं वाटे केले. "हे पाच चांगले. हे पाच ठोकलेले, खराब. उचल, नवल."

केळीच्या बागेतून तसाच आलेल्या नवलनं वाकून खराब वाटा उचलला.

हितेंद्रनं त्याचं मनगट धरलं. "अरे, ते खराब आहेत!"

"म्हनूनच घेतले. तू मोठा, चांगले तुले राहू दे."

"नीट बघ तरी! गालाला खड्डा पडलाय!"

"मले काय राजाले जावई करायचा हाये?"

चांगुलपणाशी भांडायचा हितेंद्रला सराव नव्हता. त्यानं स्वतःची शपथ घातली, आईची घातली, शेवटी भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे बोट दाखवलं, तेव्हा कुठे नवलची मूठ सुटली. बेबाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "पाह्य मयुरी, याले म्हनतात मोठा भाऊ." नवलच्या बायकोनं वाकून नमस्कार केला. हितेंद्रनं तो घेतला. अशा वेळी नाही म्हणणं बरं दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो जळगावात हनीफभाईंच्या दुकानी गेला. जुनी चांदी पारखण्यात त्यांच्या तीन पिढ्या गेल्या होत्या. त्यांनी भिंग लावलं. "मार्क असली आहे, साहेब. सराफाचाच."

"ते मला माहीत आहे. किंमत बोला."

"किंमत कसली? काही सराफ खऱ्या रुपयावर ठोका मारायचे. आमचे आजोबा खोट्यावर मारायचे, परत बाजारात चालू नये म्हणून. हा ठोका त्यांचाच. वर चांदीचं पाणी, आत तांबं."

"शक्य नाही! कापा!"

"साहेब, वजनावरूनच कळतं की..."

"कापा म्हणतो ना!"

छिन्नी बसली. आत तांबं निघालं. "एखादा असायचाच तसा," हितेंद्र म्हणाला, "दुसरा कापा." पाचवा रुपया दुभंगेपर्यंत त्याचा स्वतःच्या ज्ञानावरचा विश्वास अढळ होता.

तेवढ्यात नवलचा फोन आला. "भाऊ, मयुरीच्या घशाखाली घास उतरत नही. मोठ्यानं खराब वाटा घ्यावा, हे बरं नही म्हनते. तुझे आमाले दे, आमचे चांगले तू घे."

धाकट्या भावाचं म्हणणं हितेंद्रला जन्मात पहिल्यांदा मनापासून पटलं. त्यानं समोरच्या दहा तुकड्यांकडे पाहिलं. त्याला खरंच रडू आलं. "नाही नवल. मोठ्यानं एकदा दिलेलं परत घेत नसतात."

पलीकडून नवल म्हणाला, "मंग आईचं आयक. दिवाळीले ती तुह्याकडे येनार. तुह्या वाट्याचे ते पाच रुपयेच पूजेत मांडायचे म्हनते. मोठ्या मनाचे हायेत ते."

हितेंद्रनं फोन ठेवला. मग त्यानं पाकीट काढलं.

"हनीफभाई, असे पाच जुने रुपये द्या. खरे. आणि राजाच्या गालावर याच जागी एकेक ठोका मारून द्या."

"खऱ्या रुपयांवर?" हनीफभाईंनी भिंग खाली ठेवलं. "खराब होतील, साहेब!"

"मारा," हितेंद्र म्हणाला.