माझ्या माणसाची चाल

माणसाला चालायला शिकवणं यात काय मोठंसं! आईबापांना वर्ष लागतं, मी महिन्यात शिकवणार होतो. फक्त माझा माणूस संगणकाच्या पडद्यावरचा होता!

साल शहाऐंशी. सातपूरच्या आमच्या पंपांच्या कंपनीत नुकताच एक छोटा संगणक आला होता. मी छाती काढून गायधनी साहेबांना म्हणालो, "साहेब, जाहिरातीतला आपला शेतकरी मी या पडद्यावर चालवून दाखवतो! खांद्यावर पंपासकट!"

"चालला, तर तुम्ही संगणक विभागात," साहेब म्हणाले. "नाही चालला, तर चांदवडच्या गोदामात. तिथं माणूस हवाच आहे."

झालं! ग्राफपेपरवर चौकोन काळे करत मी शेतकऱ्याची चित्रं काढायला बसलो. एक चित्र दाखवायचं, पुसायचं, लगेच पुढचं दाखवायचं. डोळा फसतो आणि माणूस चालतो. माझा माणूस मात्र ज्या बाजूचा पाय, त्याच बाजूचा हात पुढे टाकायचा. अगदी खुळ्यासारखा! शेवटी बायकोला, शैलाला, स्वयंपाकघरातून बाहेर बोलावून व्हरांड्यात येरझाऱ्या घालायला लावल्या.

"अहो, भाजी करपतेय!"

"करपू दे! चाल तू! उजवा पाय, डावा हात... सापडलं!"

त्या काळी संगणकावरचं काम गाण्यांच्या साध्या कॅसेटवरच साठवायचे. मी कॅसेटवर ठळक अक्षरात लिहिलं, 'चाल'. आता शैला पंचवटीतल्या भजनी मंडळाला चाली लावून द्यायची. तिनंही पेटीवर नवी चाल बसवली, तसल्याच कॅसेटवर टेप केली आणि वर लिहिलं... दुसरं काय लिहिणार? 'चाल'!

साहेबांना दाखवायच्या दिवशी सकाळी टेबलावरची एक कॅसेट मी उचलली, दुसरी तिनं मंडळाकडे पाठवली.

ऑफिसात टेपरेकॉर्डर संगणकाला जोडला, कळ दाबली. पडदा ढिम्म! साहेब घड्याळाकडे बघू लागले.

"उपेंद्रराव, चांदवडला एसट्या भरपूर आहेत."

मी घाबरून टेपरेकॉर्डरमधून संगणकाकडे जाणारी वायर उपटली. त्याबरोबर पेटीचे सूर आणि शैलाचा आवाज खोलीभर घुमला, "विमलाबाई, इथं ओरडायचं नाही, आळवायचं!"

"हा तुमचा शेतकरी?" साहेबांनी विचारलं.

"आलोच साहेब!" म्हणून मी स्कूटरला लाथ मारली ती थेट पंचवटीत. मंडळाच्या विमलाबाई दारातच कपाळाला हात लावून उभ्या!

"अहो, ही कसली चाल पाठवली शैलानं? पिठाच्या गिरणीत मांजर सापडल्यासारखी नुसती किर्रर्र! पुन्हा पुन्हा लावली, पण सम काही सापडेना!"

"कॅसेट कुठाय?"

"म्हटलं बिघडलेलीच आहे, तर हिच्यावरच आपली आरती टेप करावी. लाल बटणावर बोट ठेवलं..."

सगळी मेहनत आरतीखाली पुसली जाणार होती! "दाबलंत?"

"दाबणार, तेवढ्यात वीज गेली! मेली रोज जाते."

वीज गेली म्हणून आनंदानं पाया पडणारा माणूस विमलाबाईंनी पहिल्यांदाच पाहिला असेल. कॅसेट खिशात घालून मी उलट पावली ऑफिस गाठलं. सातपूरला वीज होती!

साहेब डोळे मिटून मांडीवर ताल धरून बसले होते. टेप चालूच होती. मी कॅसेट बदलली, वायर जोडली, जीव मुठीत धरून कळ दाबली. थोडा वेळ गेला आणि शेतकरी चालला! उजवा पाय, डावा हात, खांद्यावर पंप! मला हुंदकाच आला.

"साहेब, चालला!"

साहेबांनी एक डोळा उघडला. "हं. चालतोय. बरं, ती मघाची चाल कुणाची?"

"बायकोची."

"आमच्या सौभाग्यवतींच्या मंडळाला अशी चाल मिळत नाहीये, त्यामुळे मला घरात धड जेवण मिळत नाहीये! वहिनींना दर गुरुवारी शिकवायला जमेल?"

"जमेल की! पण चांदवडला गेल्यावर कसं काय..." मी हळूच खडा टाकला.

"कोण जातंय चांदवडला? काहीतरीच काय बोलता!"

सुटलो! घरी येईपर्यंत मी स्कूटरवर शीळ घालत होतो.

"काय हो, चालली का तुमची चाल?" शैलानं दारातच विचारलं.

"चालली म्हणजे काय, जोरात चालली!" मी म्हणालो. कुणाची, ते काही बोललो नाही.

पण गुरुवारी साहेबांची गाडी तिला न्यायला दारात उभी राहिली, तेव्हा सांगावंच लागलं!