अधोरेखित शनिवार

सातवीतल्या स्पृहाला उताऱ्यावरच्या प्रश्नांत दहापैकी तीन गुण मिळाले आणि तिच्या वडिलांनी, म्हणजे श्रीधरपंतांनी, ठरवलं की आता हे प्रकरण आपणच हातात घ्यायचं. (वय अवघं सेहेचाळीस, पण विमा कंपनीच्या कचेरीत लोकांच्या अर्जांवर 'नीट वाचून भरा' असा लाल शेरा मारून मारून ते अकाली पंत झाले होते.)

दोन दिवस व्हिडिओ पाहून त्यांनी कपाटाच्या दारावर पद्धत चिकटवली. शीर्षकावरून अंदाज बांधा, आधी प्रश्न वाचा, महत्त्वाच्या शब्दांखाली रेघ मारा, मग आपल्या शब्दांत सांगा.

"आणि उतारा कधी वाचायचा?" स्पृहाने विचारलं.

"अगं, एवढं केल्यावर गरजच काय?"

मग पंतांना एका जागी बसवेना. पेन्सिल घेऊन ते गॅलरीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून गॅलरीत येरझाऱ्या घालू लागले. औषधाच्या पत्रकाखाली रेघा, सोसायटीच्या पाण्याच्या नोटिशीखाली रेघा.

"टेका जरा," श्यामलाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणाल्या. "चालून चालून फरशीलाही रेघ पडेल."

गुरुवारी वर्गाच्या ग्रुपवर वर्गशिक्षिका अपेक्षा मॅडमचा लांबलचक मेसेज आला. ग्रुपवर नंबर पंतांचा. त्यांनी लगेच पद्धत लावली : उताऱ्यात कमी गुण, शनिवार, साडेसात, शाळेत हजर. आता आपल्या शब्दांत.

"फेरपरीक्षा!" पंत ओरडले.

"पण शनिवारी आमची सिंहगडाची ट्रिप आहे ना, बाबा?"

"कमी गुणवाल्यांना नाही. स्पष्ट लिहिलंय."

गडावर मैत्रिणींबरोबर मडक्यातलं दही खायचं, हे स्पृहाचं महिनाभर ठरलं होतं. पण तीन गुणांची तिला स्वतःलाच इतकी लाज वाटत होती की ती वाद न घालता भरलेली सॅक रिकामी करायला बसली. तिचे डोळे भरलेले पाहून पंतांना राहवेना. म्हणून त्यांनी तिला आणखी दोन उतारे दिले.

"अहो, मेसेज पूर्ण वाचलात ना?" श्यामलाबाईंनी विचारलं.

"एकोणीस वर्षं वाचण्याचाच पगार घेतोय मी!"

शनिवारी साडेसातच्या ठोक्याला पंत स्पृहाला घेऊन सदाशिव पेठेतल्या शाळेच्या फाटकात हजर. पाहतात तर आवारात एकही मूल नाही. नुसतेच आईबाप, तेही कोणाच्या नजरेला नजर न देणारे. अपेक्षा मॅडम दारातच भेटल्या.

"स्पृहा इथे कशी? बस सुटेल की हिची!"

"पण फेरपरीक्षा..."

मॅडमनी पंतांचाच मोबाइल त्यांच्यापुढे धरला. 'उताऱ्यात कमी गुण मिळालेल्या मुलांच्या पालकांनी शनिवारी साडेसातला शाळेत हजर राहावे. मुलांना वाचनात घरी कशी मदत करावी, ते शिकवले जाईल. सर्व मुलांनी त्याच वेळी सहलीसाठी स्वारगेटला जमावे.'

पंतांनी स्पृहाला तशीच स्कूटरवर बसवलं. पुढची दहा मिनिटं त्यांनी स्कूटर चालवली की स्कूटरने त्यांना, हे त्यांना आजही सांगता येणार नाही. मागे स्पृहा गणवेशात, काखेत परीक्षेचं पॅड धरून. स्वारगेटला बस सुटून वळण घेत होती. पंतांनी भर चौकात स्कूटर थांबवून दोन्ही हात हलवले, बस थांबली आणि दारातून चार हातांनी स्पृहाला आत ओढलं. खिडकीतून ती हसली, तेव्हा कुठे पंतांचा जीव भांड्यात पडला. परीक्षेचं पॅड घेऊन सिंहगड चढणारी बहुधा ती पहिलीच.

धापा टाकत ते शाळेत परतले, तर मॅडमनी पालकांनाच एक उतारा सोडवायला दिला होता. वेळ निम्मा गेलेला. पंतांनी घाईघाईने आपली पद्धत लावली. पेपर तपासून मिळाला, तो दहापैकी तीन. खाली लाल शेरा : 'नीट वाचून लिहा. घरून सही आणावी.'

"कोणाची?" पंतांनी खालच्या आवाजात विचारलं.

"मुलांची," मॅडम म्हणाल्या.

संध्याकाळी उन्हाने रापलेली, खूश स्पृहा घरी आली. पंतांनी कागद घडी घालून, फक्त सहीपुरती जागा दिसेल असा पुढे सरकवला.

"इथे सही कर गं पटकन."

स्पृहाने घडी उलगडली आणि खुर्ची ओढून ऐसपैस बसली.

"थांब ना, बाबा. आधी पूर्ण वाचते."

आणि स्वयंपाकघरात आईला नीट ऐकू जाईल, अशा आवाजात तिने वाचायला सुरुवात केली.