मोघ्यांच्या गच्चीचं दार

"साहेब, तुम्ही म्हणाल ते करीन, पण त्या कडीला हात लावणार नाही," जिन्यातून दिलीप मोघ्यांचा आवाज आला.

बॅरिस्टर जयप्रकाश देवस्थळी दाराच्या अलीकडे, गच्चीत अडकले होते. डमडमच्या या घराच्या वाटणीचा दावा दोघा मोघे बंधूंत चालू होता आणि सगळं भांडण गच्चीवरून होतं. निकाल लागेपर्यंत गच्चीचं दार आहे तसंच राहावं, दोघांनीही त्याला हात लावू नये, असा मनाई हुकूम थोरल्या दिलीपरावांसाठी देवस्थळींनीच मिळवला होता.

हुकूम निघाला तेव्हा दार उघडं होतं, म्हणून ते उघडंच राहिलं. कालबैसाखीच्या वादळी पावसाचं पाणी धो धो जिन्यावरून उतरलं, मांजरांनी वर संसार थाटला, पण भावांनी दाराला बोट लावलं नाही. आज तारखेआधी जागा पाहून घ्यावी म्हणून देवस्थळी वर आले. वाऱ्याचा झोत आला, दार धाडकन लागलं आणि जिन्याकडची कडी नेमकी कोयंड्यात जाऊन बसली.

"अहो, मीच सांगतोय ना, उघडा!"

"तुम्हीच बजावलं होतंत. स्वतः नाही, नोकराकरवी नाही, नातलगाकरवी नाही. मला पाठ आहे."

"मग मी इकडून लाथ घालतो."

"तुम्ही माझे वकील, साहेब. ती लाथ माझीच धरतील."

मुद्दा बिनतोड होता. पण देवस्थळींची खरी अडचण वेगळीच होती. खाली अशिलाच्या आग्रहाखातर त्यांनी एक शहाळं आणि दोन कप चहा घेतला होता. गच्चीचा कोपरा गाठावा, तर शेजारच्या गच्चीत दोन बायका डाळीच्या वड्या घालत बसलेल्या.

एवढ्यात गलका ऐकून धाकटा सलील वर आला.

"दार कोणी लावलं? हा कोर्टाचा अवमान आहे!"

"वाऱ्याने लावलं हो!" देवस्थळी गच्चीतून ओरडले.

"वारा दादाच्या खिडकीतून आला असणार."

देवस्थळींनी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकला आणि सलीलच्या वकील यामिनी कर्णिक यांना फोन लावला. यामिनी कधीकाळी त्यांच्याच हाताखाली शिकली होती. सगळं ऐकून ती बराच वेळ खोकत राहिली. ते खोकणं नव्हतं, हे त्यांना कळत होतं.

"माझी हरकत नाही, सर. पण दोघांनी एकदम हात लावायचा. म्हणजे कोणीच कोणाविरुद्ध तक्रार करणार नाही."

"मान्य! स्पीकर लावतो, लवकर सांग दोघांना!"

"बॅरिस्टरसाहेब," सलील म्हणाला, "दादाला सांगा, डावीकडे उभा राहा."

"त्याला सांगा, मी थोरला आहे. मी उजवीकडेच राहणार."

"दिलीपराव," देवस्थळींचा आवाज चिरकला, "मला फार वेळ नाही!"

त्या आवाजात असं काहीतरी होतं की दोघेही निमूट पुढे झाले. कडी हलेना. पावसाने दार फुगलं होतं.

"तू दार वर उचल," दिलीपराव नकळत थेट भावाशी बोलले, "मी ओढतो."

"अरे, अंगठा सांभाळ, दादा!"

कडी निघाली. बॅरिस्टरसाहेब दोघांच्या मधून बाणासारखे सुटले आणि समोर दिसलेल्या पहिल्या न्हाणीघरात शिरले. जगात इतकी शांतता असू शकते, हे त्यांना विसरायलाच झालं होतं.

चेहऱ्यावर पाणी मारून ते वर आले, तर दोघे भाऊ गच्चीत मांडी घालून बसले होते. सलीलच्या बायकोने, केतकीने, लुच्या, म्हणजे मैद्याच्या बंगाली पुऱ्या, आणि आलूदमचं ताट मध्ये ठेवलं होतं. दार बिजागरीतून काढून भिंतीला टेकवलेलं होतं.

"साहेब, दारच नको असं ठरलं," दिलीपराव म्हणाले. "गच्ची दोघांची."

तेवढ्यात फोन वाजला. यामिनी होती.

"सर, सलीलराव म्हणतात दावा मिटवायचा! तुम्ही माझा अशील पळवलात."

"माझाही गेला," देवस्थळी म्हणाले. एवढा चांगला चाललेला दावा हातचा गेला, तरी ते ऐसपैस खाली बसले आणि त्यांनी टम्म फुगलेली एक लुची उचलली. "तू असं कर, सरळ इकडेच ये. गरम आहेत तोवर."